मागचे पाय

शाळेच्या संमेलनात आपला मुलगा हत्ती होणार, ही बातमी धाकटीने हत्तीला सोंड शिवायच्या आधीच गल्लीभर केली होती. पॅण्ट आखूड करायला आलेल्याला सांगितली, चेन बदलायला आलेलीला सांगितली, आणि विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला, त्याने काही विचारलेलं नसताना, दोनदा सांगितली. तिचा हिशेब सरळ होता. वर्गाच्या बाईंनी निरोप पाठवला होता की यंदा मुलं ‘हत्ती चौकात बसला’ हे नाटक करणार आहेत, तुमचा मुलगाही हत्तीच्या कामात आहे, तर हत्तीचा पोशाख तुम्हीच शिवून द्याल का? आता हत्तीच्या कामात जो असतो तो हत्तीच असणार, आणखी कोण?

घरात सुना दोन. थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खालच्या. थोरली बँकेत मॅनेजर होती. धाकटी पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून बसायची आणि तिच्या हाताची शिवण उसवली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दोघींची मुलं एकाच महिन्यात जन्मली आणि एकाच वर्गात बसत. थोरलीच्या मुलाला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. धाकटीच्या मुलाला गोगा म्हणत, म्हणजे गोगलगाय. पाहुण्यांची चाहूल लागली की तो कपाटामागे जायचा आणि पाहुणे गेले की आपण होऊन बाहेर यायचा. धाकटीचं म्हणणं, पोर लाजरं नाही, समजूतदार आहे. आपला तो बाब्या!

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात, पण या घरात दावा एकाच बाजूने चालला होता. थोरली भांडतच नव्हती. ती जरा वाईट असती तर धाकटीचे निम्मे कष्ट वाचले असते. पण ती हसून बोलायची, बँकेतून येताना दोन्ही पोरांना सारखा खाऊ आणायची, आणि धाकटीला रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्यात एक खोट सापडेल तर शपथ. सकाळचं ऊन थोरलीच्याच खोलीत यायचं. भोंगा आधी चालला, आधी बोलला, मेल्याला दातसुद्धा आधी आले. आणि वर गोगा तिला ‘मोठी आई’ म्हणायचा. ती मोठी, मग मी कोण, असं धाकटीच्या दर वेळी मनात यायचं आणि दर वेळी ती ते आवंढ्याबरोबर गिळायची.

मापं घ्यायला ती शाळेत गेली ती गळ्यात टेप आणि ताठ मान घेऊन. तालमी घेऊन घेऊन बाईंचा आवाज बसला होता.

“आधी भोंग्याच्या डोक्याचं माप घ्या,” बाई म्हणाल्या. “सोंडेखालून त्याचा चेहरा नीट दिसला पाहिजे. आणि गोगाचं घ्या कमरेपासून खाली. हा मागचे पाय.”

धाकटीचा हात टेपवरच राहिला. “मागचे?”

“हो. पुढच्याची कंबर धरायची, वाकायचं आणि चालायचं. फार छान करतो हं.”

“आणि तोंड?”

“कुणाचं तोंड?”

“याचं. याचं तोंड कुठून दिसणार?”

“अहो, मागच्या पायांना तोंड कुठून असणार?” बाई म्हणाल्या आणि हसल्या.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाईंना बाजूला घेतलं आणि मुलांची अदलाबदल करता येईल का ते विचारलं, आधी गोडीने, मग थोडं कमी गोडीने.

“त्यानंच मागून घेतलंय हो,” बाई म्हणाल्या. “मी त्याला झाड दिलं होतं, तर डोळ्यात पाणी. हत्तीच्या आत जाशील का विचारलं, तर उडीच मारली.”

धाकटीला हे काही पटलं नाही. थोरली पालक समितीत होती, म्हणजे हे तिनेच जमवलेलं. साप म्हणून दोरी धोपटणारी माणसं असतात, धाकटी तर दोरी नसली तरी धोपटत होती.

घरी आल्यावर तिने गोगाला समोर उभं केलं. “तू मागितलंस मागचे पाय?”

“हो.”

“का रे?”

“आत अंधार असतो,” गोगा म्हणाला. “भोंग्या एक-दोन म्हणतो आणि मी पाय टाकतो. मी कुठाय ते कुणाला कळतच नाही!” हे सांगताना पोराचा चेहरा असा फुलला होता की दुसऱ्या कुठल्याही आईने त्याला जवळ घेतलं असतं. धाकटीच्या मनात आलं, बघा, किती पढवून ठेवलंय.

तेवढ्यात थोरली बँकेतून आली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, “अगं, कळलं का? दोघं मिळून हत्ती! माझा काय, नुसता ओरडणार. खरं चालायचं काम तुझ्या गोगाचं.”

“हो ना,” धाकटी म्हणाली आणि यंत्राचा पायटा असा दाबला की दोरा तुटला. थोरली मनापासून बोलली होती, पण मनापासून बोललेलं टोमण्यासारखं ऐकायची धाकटीला सवय झाली होती.

हत्ती मात्र तिने असा शिवला की बघत राहावं. राखाडी पडद्याचं जाड कापड, कानांना आतून गुलाबी अस्तर, सोंडेत तारेचं वेटोळं, पाठीवर लाल मखमलीची झूल. नवऱ्याने जाता जाता विचारलं, “झाला का?”

“हत्ती गेला, शेपूट राहिलंय,” ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

शेपटीवरच तिचं अडलं होतं. शेपूट लावलं की पोशाख संपणार, आणि त्यात गोगाचा कुठेही पत्ता नव्हता. एवढं सगळं आपल्या हातचं, आणि त्यातून जगाला तोंड दिसणार ते जावेच्या पोराचं! बाईंनी सांगितलं होतं की आत मुलं घुसमटतील, एका बाजूला लहानसं जाळीचं भोक ठेवा. धाकटीने कात्री घेतली आणि प्रेक्षकांकडे येणाऱ्या बाजूला, गोगाचं डोकं जिथे येतं तिथे, ताटलीएवढं गोल कापलं. जाळी लावलीच नाही. उलट कडेने लाल पायपिनची पट्टी मारली, फोटोला चौकट करतात तशी. झुलीची कड टिचबटणांनी त्याच्यावर बसवली. रंगीत तालमीला झूल खाली राहणार, त्यामुळे बाईंना काही दिसणार नव्हतं. संमेलनाच्या दिवशी ती वर जाणार होती. गोगाला आधी विचारावं हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं तर तो नको म्हणेल हेही मनात आलं, म्हणून तिने विचारलं नाही.

संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे कोण गोंधळ! कुणाच्या मिशा पडत होत्या, कुणाला नेमकी आत्ताच लघवी लागली होती. धाकटीने दोघांना हत्तीत घातलं, बटणं लावली, आणि बाई दुसरीकडे वळलेल्या बघून झुलीची कड वर घेऊन टाचण्यांनी पक्की केली.

“हे काय, आई?” आतून गोगा म्हणाला.

“वारा लागायला. बाहेर टाळ्या झाल्या की जरा या बाजूला तोंड कर.”

“का?”

“आई सांगते म्हणून.”

ती धावत सभागृहात आली. थोरलीने पर्स ठेवून तिच्यासाठी पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली होती. तेही धाकटीला आवडलं नाही, पण बसली.

पडदा उघडला. चौक, फळांची गाडी, कागदी मिशा लावून महापौर झालेली एक मुलगी. आणि मग हत्ती आला. काय आला! चारही पाय एका तालात, कान हलतायत, सोंड डुलतेय. “वाट सोडा! मी आलो!” भोंगा गरजला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आईचा शब्द मोडायची सवय नसलेल्या गोगाने बाजूला तोंड केलं.

त्या लाल गोलात दिव्यांच्या उजेडात तिचं पोर दिसलं. धाकटीने पलीकडच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसलं. “तो माझा,” ती म्हणाली. तिला वाटलं, एवढ्या दिवसांचं सगळं भरून निघालं.

“अरे, हत्तीनं पोरगं गिळलं!” मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह खदाखदा हसायला लागलं. धाकटीही हसली. मग तिने गोगाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

पोराने आजवर एवढी माणसं एकदम पाहिलीच नव्हती. तालमीत तो अंधारात असायचा, आणि आता आख्खं सभागृह त्याच्याकडे बघून दात काढत होतं. त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मागचे पाय जागच्या जागी थांबले. पुढचे पाय चालतच राहिले, कापड ताणलं, हत्ती रबरासारखा लांब झाला, आणि मागचा भाग धपकन खाली बसला. हत्तीने चौकात बसायला अजून बराच वेळ होता. लोक पोट धरून हसत होते.

धाकटी उठून उभी राहिली. “गोगा! चल ना रे! घाबरू नको, गोगा!”

आतापर्यंत तो चेहरा कुणाचा ते कुणाला माहीत नव्हतं. आता नावही कळलं. मागच्या रांगांतल्या मोठ्या मुलांनी लगेच सुरू केलं, “गोगा! गोगा!” लाल गोलात ओठ थरथरायला लागले.

“खाली बस गं,” थोरलीने तिचा हात धरून ओढलं. “तू ओरडलीस की सगळे आणखी त्याच्याकडेच बघतात.”

तेवढ्यात सोंडेखालचा भोंग्याचा चेहरा आत नाहीसा झाला. हत्तीच्या पोटातून भोंग्याचं कुजबुजणं ऐकू आलं, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. “काय झालं?... कुठनं दिसतायत?... हात्तिच्या! थांब, रडू नको.” मग चेहरा पुन्हा बाहेर आला आणि त्याने जाहीर केलं, “मी आता वळणार!”

आणि हत्ती वळला. आधी पुढचा भाग गेला, मग मागचा फरफटत, पण पुरता वळला. लाल गोल मागच्या पडद्याकडे गेला. या बाजूने फक्त राखाडी कापड आणि झूल. “एक! दोन!” भोंगा म्हणाला. क्षणभर काही झालं नाही. मग मागचे पाय उठले आणि टाकले गेले, एक, दोन, जसे तालमीत रोज टाकले जायचे तसे.

उरलेलं नाटक हत्तीने उलट्या दिशेला तोंड करून केलं. महापौरीणबाईंना आपली वाक्यं म्हणायला दर वेळी पलीकडे पळावं लागत होतं, मिशी एका हाताने धरून. शेवटी हत्ती ठरल्याप्रमाणे पलीकडच्या बाजूने, पण मागे मागे चालत गेला, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाई विंगेत कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. पडला, पण तिथे स्वस्थ बसेना. पोराला वाचवलं कुणी? भोंग्याने. म्हणजे हेही त्यांच्याचकडे. स्वतःच्या पोराचे हाल आपण केले आणि तरी आपल्याला हेच सुचतंय, याची तिला लाज वाटली. पण लाज वाटून हेवा काही कमी होत नाही. दोन्ही पोटात शेजारी शेजारी बसले.

“एवढी ओढाताण झाली, पण एक टाका उसवला नाही बघ,” पडद्यामागे जाताना थोरली डोळे पुसत म्हणाली. “तुझ्या हाताला तोड नाही गं.” ती हे खरंच मनापासून म्हणत होती. धाकटीला ते मिठासारखं झोंबलं.

आत भोंगा सगळ्यांना सांगत सुटला होता की वळायची कल्पना त्याची. गोगा स्टुलावर बसला होता, पाय अजून हत्तीचेच, गालांवर ओघळ सुकलेले. धाकटी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि झुलीच्या टाचण्या काढून ओठांत धरायला लागली. काहीतरी बोलायला हवं होतं. टाचण्या तोंडात होत्या ते एका परीने बरंच झालं.

गोगाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या डोक्यावरून मागे बघत होता. तिथे थोरली दोन्ही पोरांची दप्तरं घेऊन उभी होती.

“मोठी आई,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षी माझा पोशाख तू शिवशील?”

थोरली हसली. “अरे राजा, मला साधं बटण लावता येत नाही.”

“चालेल,” गोगा म्हणाला.

थोरलीचं हसू तिथेच थांबलं. तिने धाकटीकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली.

थोरलीला येत नाही आणि आपल्याला येतं, अशी उभ्या घरात एवढी एकच गोष्ट होती. तीही पोराने उचलून तिच्या हातात दिली होती. धाकटीने मान खाली घातली आणि उरलेल्या टाचण्या काढल्या.