नाकातली प्रार्थना

कापणी तोंडावर आली की आमच्या लोहाराच्या भट्टीवर बसायला जागा मिळायची नाही. सगळ्या गावाचे विळे एकदमच बोथट होतात का? छे. विळ्याचं नुसतं निमित्त, माणसं गंमत बघायला यायची. लोहाराला सगळे नकल्या म्हणत, आणि त्याची हातखंडा नक्कल म्हणजे चर्चच्या पाळकबाबांची. आमचे पाळकबाबा बोलतात नाकात आणि दर वाक्याला खाकरतात. हा गडी लालभडक विळा पाण्यात बुडवायचा, चर्र आवाज झाला की नाकातून म्हणायचा, "हे दयाळू पित्या, या गंजलेल्या पाप्याला पदरात घे." हसून हसून लोकांची पोटं दुखायची. त्यातले निम्मे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. तिथं जांभया द्यायच्या आणि इथं आमेन म्हणायला पुढे! दूधवाल्याचं आमेन तर सगळ्यांत मोठं. चर्चमध्ये त्याचे ओठ हललेले मी कधी पाहिले नाहीत.

भट्टीच्या मागच्या खोलीत नकल्याची आई अंथरुणाला खिळलेली. मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे तिला सगळं ऐकू जायचं. मी शेजारीण, तिचं दूधपाणी बघायला जायची. एकदा न राहवून म्हणाले, काकू, द्या ना एक कानाखाली. तर म्हणते कशी, अगं, दिवसभर देवाचं नाव तरी घेतो. मग मी पाळकबाबांकडे चहाडी केली. ते फाटकाची बिजागरी दुरुस्त करायला घेऊन आले, सगळी नक्कल उभ्यानं ऐकली, आणि जाताना एवढंच म्हणाले की खोकला जरा कमी कर, हल्ली मला बरं वाटतंय. त्यावरही लोक हसले.

मग ऐन गर्दीच्या दिवशी, भर दुपारी, म्हातारीला धाप लागली. मी पत्र्यावर थाप मारली तसा नकल्या हातोडा टाकून धावत आला; बाहेरच्यांना वाटलं, रोजच्यासारखं पाणीबिणी द्यायचं असेल. आईवर जीव होता त्याचा, ते खोटं नाही. पाळकबाबा दूरच्या गावी लग्न लावायला गेलेले, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. म्हातारीकडे तेवढा वेळ नव्हता, आणि तिलाही ते कळत होतं.

"तू प्रार्थना कर," ती मुलाला म्हणाली. "प्रार्थना ऐकत जायचंय मला."

तो गुडघे टेकून बसला. काळे हात सदऱ्याला पुसून जोडले. "हे दयाळू पित्या," म्हणाला, आणि आवाज निघाला तो नाकातून. पत्र्यापलीकडे हशा पिकला. घाबरून त्यानं घसा साफ केला, तर ते खाकरणंही पाळकबाबांचंच. मी संतापून पत्र्यावर मूठ आपटली, गप्प बसा म्हणून ओरडले. त्यांना वाटलं, मीही सोंगात सामील झाले.

"पाळकबाबा नकोत," म्हातारी म्हणाली. "तू बोल, बाळा. तुझ्या आवाजात."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतकी वर्षं उठताबसता ज्याला हाक मारली, त्याच्याशी बोलायला याच्याजवळ स्वतःचा एक शब्द नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, येत नाही मला." एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं, पण तेव्हा नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी म्हातारीनंच त्याचा हात धरला आणि प्रार्थना केली, तीही स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी. याला सांभाळ, मनाचा वाईट नाही, एवढीच. मग ती थांबली. आमेन त्यानं म्हणायचं होतं. त्यानं सगळा जीव गोळा करून म्हटलं, आणि तेही नाकातूनच आलं. पलीकडून दूधवाल्यानं दणक्यात आमेन दिलं. म्हातारीच्या कानी यातलं कोणतं पडलं, देव जाणे. तिचा श्वास थांबला होता.

नकल्या उठून बाहेर गेला आणि भट्टीसमोर उभा राहिला. "माझी आई गेली," म्हणाला. आवाज फाटलेला होता, रडका होता, पण त्याचा स्वतःचा होता.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग दूधवाल्यानं मांडीवर थाप मारली.

"हे नवीन बसवलंस," तो म्हणाला. "पुढे?"