आधणाचं पाणी

माझ्या अंगणातला शेवगा फाल्गुनात असा लागतो की एकट्या माणसाला शेंगा संपत नाहीत. म्हणून त्या मी आळीत वाटतो. यंदा शेजारच्या साक्षीला हाक मारून कुंपणावरून दहा-बारा शेंगा दिल्या, तर तिने हात मागे घेतला.

"नका देऊ गुरुजी. आमच्याकडं सांजच्याला कोणी करत न्हाई. वाळून जातील."

साक्षी सातवीत. तिचा धाकटा भाऊ सुमित तिसरीत. त्यांची आई सुरेखा जानेवारीत एसटीत कंडक्टर म्हणून लागली. सकाळी उठून ती पोळीभाजी करून जाते, पण संध्याकाळची फेरी आटोपून जाफराबादला यायला तिला साडेआठ वाजतात. वडील वसंता भोकरदनच्या रस्त्यावर जीप चालवतो, तो सातला येतो. त्याला एकच पदार्थ येतो, खिचडी. दोन महिने त्या घरात एक तर खिचडी होत होती, नाही तर स्टँडवरचे वडे येत होते. सुमित म्हणायचा, आता खिचडी मला नावानं ओळखती.

पण वड्यांनी त्याचं पोट दोनदा बिघडलं, आणि दुसऱ्यांदा सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून वसंताच्या मनानं घेतलं की जूनपासून दोन्ही मुलांना कुंभार पिंपळगावला, त्याच्या थोरल्या बहिणीकडे ठेवायचं. शाळेत जाऊन त्याने दाखल्याच्या अर्जाचा कागदही आणून ठेवला होता.

वसंता माझा विद्यार्थी. मी त्याला ओट्यावर बसवून विचारलं. तो काही कठोर बाप नाही. म्हणाला, सुरेखाची नोकरी सोडवायची नाही, कष्टानं मिळाली आहे. पण लेकरांना सांजच्याला गरम भाकरी मिळत नाही, हे डोळ्यांनी बघवत नाही. आक्काच्या घरी दूध आहे, भाकरी आहे. तीच आता भीमजयंतीच्या आधीच्या शनिवारी येणार होती. एक मुक्काम करून, सगळं बोलून, जूनचं पक्कं करून जाणार होती.

साक्षी दारात उभी राहून ऐकत होती. वसंता गेल्यावर ती आत आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "तिकडं गेल्यावर आईची भेट दिवाळीलाच ना." मग म्हणाली, "मला भाकरी शिकवा गुरुजी."

शनिवारला सतरा दिवस होते.

मी स्वतः भाकरी साठाव्या वर्षी शिकलो, बायको गेल्यावर. माझ्या पहिल्या भाकरी समोरच्यांच्या शेळीने खाल्ल्या, आणि तीही नाइलाजाने. त्यामुळे शिकणाऱ्याचं कुठे अडतं ते मला चांगलं आठवत होतं. रोज साडेपाचला दोघं भावंडं माझ्याकडे यायची. साक्षी काठवटीपुढे बसायची आणि सुमित लसूण सोलायचा. त्यातल्या निम्म्या पाकळ्या त्याच्या हातून निसटून मांजरापर्यंत जायच्या.

भाजीचं फार अवघड नव्हतं. घरात असेल त्यात चार दिवसांचं बसवलं की आठवडा निघतो, हे मी तिला सांगितलं. शेंगा माझ्या अंगणात होत्याच. त्यांची शेंगदाण्याचं कूट घालून आमटी एक दिवस. हरभऱ्याचा पाला सुरेखाने हिवाळ्यात वाळवून ठेवला होता. तो चुरून, लसणाच्या फोडणीत ज्वारीचं थोडं पीठ लावून दुसऱ्या दिवशी. पातीच्या कांद्याचा झुणका तिसऱ्या दिवशी. आणि काहीच नसलं की येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाल्याचं पीठ. ते डब्यात असतंच. पाण्यात कालवून उकळलं की आमटी. साक्षीने हे सगळं पाच-सहा दिवसांत उचललं. मीठ मात्र ती दोनदा घालायची, म्हणून मिठाचा डबा सुमितच्या ताब्यात दिला. त्या अधिकाराने तो फार गंभीर झाला.

भाकरीला वेळ लागला. पहिल्या दिवशीची जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. जाफराबाद कुठे आणि परतूर कुठे, ते आम्ही तिच्यावरच बघितलं. पण पोरीच्या हातात सबुरी होती. सातव्या दिवशी तव्यावर पाणी फिरवून तिने भाकरी उलटली, आचेवर धरली आणि ती टम्म फुगली. तिने ती भाकरी ताटात ठेवली, तिच्यावर दुसरं ताट झाकलं, आणि पुन्हा उघडून बघितली.

"आता तुमच्या घरी कर," मी म्हणालो.

तिथे गाडी अडली. घरी थापताना भाकरीच्या कडा चिरायच्या. उचलायला गेलं की मधून फाटायची, आणि तव्यावर पडली तरी दोन तुकडे व्हायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलं घर म्हणून घाबरली असेल. दुसऱ्या दिवशी मी जाऊन शेजारी बसलो. पीठ आणखी मळ, म्हणालो. कडा आधी आवळून घे, म्हणालो. तळहात सपाट ठेव, बोटांनी दाबू नको. ती सगळं करत होती आणि भाकरी फाटतच होती. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी मी म्हणालो, सराव कर, हात बसेल. खरं म्हणजे याहून वेगळं मला काही सुचत नव्हतं.

सुमित तुकडे आमटीत कुस्करून खायचा आणि म्हणायचा, बरं झालं, माझी मेहनत वाचली. वसंता मात्र एकदा जाता जाता मला म्हणाला, "पोरगी करून राह्यली, न्हाई म्हणत न्हाई मी. पण हाताला वळण यायला वरसं लागतात गुरुजी. याच पिठाची सुरेखा सुट्टीच्या दिवशी कशी करती बघा. पापुद्रा सुटतो." साक्षी आतून ऐकत असणार, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

बुधवार उजाडला. आत्या यायला तीन दिवस राहिले होते. साक्षी संध्याकाळी माझ्याकडे आली, पण काठवटीपुढे बसली नाही.

"गुरुजी, तुमच्या घरी माझा हात बराबर असतो. आमच्या घरीच बिघडतो. असं कसं?"

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. चाळीस वर्षं मुलांना शिकवताना मीच सांगत आलो होतो की दोन गोष्टींत फरक आला तर आधी बघा, काय सारखं आहे आणि काय वेगळं आहे. हात सारखाच होता. मी चार दिवस नेमकं तेच दुरुस्त करत बसलो होतो.

"काय काय वेगळं आहे ते सांग," मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजलं. तवा वेगळा, गॅस वेगळा, पीठ वेगळं. पाणी एकाच नळाचं. सुमित म्हणाला, मांजर वेगळं. तेही आम्ही यादीत धरलं.

मग आधी माझा तवा त्यांच्या घरी नेला. भाकरी फाटली. म्हणजे दोष तव्याचा नव्हता. आणि ती तर तव्यावर जायच्या आधीच, उचलतानाच फाटली, म्हणजे गॅसचाही नव्हता. मग साक्षी धावत जाऊन त्यांच्या डब्यातलं वाटीभर पीठ माझ्या घरी घेऊन आली. त्या डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून त्याखाली वर्तमानपत्राचा कागद दाबलेला असे. त्याचा कोपरा तिच्या हातात तसाच आला होता. आता ते पीठ मी मळलं, माझ्या काठवटीत, माझ्या हाताने. कडा चिरल्या. उचलली तर मधून फाटली.

साक्षी माझ्या हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली.

"चूक तुझ्या हाताची नव्हती," मी तिला म्हणालो. "पिठाची विरी गेली आहे. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दळून फार दिवस झाले की तो जातो. मला हे आधी सुचायला हवं होतं. चार दिवस तुझा हात उगीच दोषी धरला. माझं चुकलं."

एकट्या माणसाचं दळण दोन किलोचं. माझं पीठ कधी आठ-दहा दिवसांहून जुनं होतच नाही. विरी गेलेलं पीठ कसं असतं, हे मी ऐकून होतो, हाताने कधी बघितलं नव्हतं. हेही तिला सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. मग तिने जो प्रश्न विचारला, तो मलाही पडला नव्हता. "मंग आई याच पिठाची कशी करती?"

साडेआठला सुरेखा आली. तिकिटांची मशीन, पाण्याची बाटली ठेवून हातपाय धुऊन बसली, तर आम्ही तिघं वाटीभर पीठ पुढे घेऊन तिची वाट बघत होतो. पीठ कधीचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, फेब्रुवारी लागला तव्हाचं. ड्युटी सुरू झाल्यावर गिरणीला कोण जाणार, म्हणून ज्वारी एकदाच दळून डबा भरून ठेवला. साक्षीने आपला प्रश्न तिला विचारला.

सुरेखाने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, मी आधणाचं पाणी घेते. जुनं पीठ दिसलं की हात आपोआप पातेल्याकडं जातो. पाणी उकळायचं, पिठात ओतायचं, वाफेवर झाकायचं, मंग मळायचं. माझ्या आईनंबी मला कधी सांगितलं न्हाई, मी बघूनच केलं. तुला सांगायचं ध्यानातच आलं न्हाई बघ." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी घरी असते तर तू बघितलंच असतंस."

"आता दाखव," साक्षी म्हणाली.

दिवसभर उभी राहिलेली बाई, पण उठली आणि पातेलं ठेवलं. वसंता दाराला टेकून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शनिवारी ताजं दळण आणायचं म्हणून ज्वारी निवडायला घेतली. निवडता येईना, म्हणून सुमित त्याला खडे दाखवत बसला.

शनिवारी दुपारी आत्या आल्या. उंच, सावळ्या, मोठ्या आवाजाच्या. मला जय भीम घालून म्हणाल्या, गुरुजी, ऐकलं की तुम्ही बायकांची शाळा काढली. मी म्हणालो, वसंतालाही प्रवेश द्यायचा विचार आहे. त्या खळखळून हसल्या.

त्या दिवशी दुपारपासून वीज गेली होती. वसंता ज्वारीचा डबा घेऊन दोन तास गिरणीवर बसला, शेवटी डबा नंबराला लावून रिकाम्या हाताने परत आला. तो माझ्याकडे असं बघत होता की जणू परीक्षेला पेन विसरला. घरात होतं ते जुनंच पीठ.

आत्या पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. "सरक बाई, मी टाकते चार."

"तुम्ही बसा आत्या," साक्षी म्हणाली. "तुम्ही पाहुण्या आहात."

तिने आमटी आधी करून ठेवली होती. येसर घालून दाट केलेली शेंगांची आमटी. आता तिने पातेल्यात पाणी ठेवलं. सुमितने मिठाचा डबा आणून दिला आणि परत नेला. पाणी खळखळलं, तेव्हा तिने पिठात खड्डा करून ते ओतलं, उलथन्याच्या दांड्याने ढवळलं आणि वर ताट झाकलं. वाफ जिरू दिली. मग गार पाण्याचा हात लावत लावत गरम पीठ मळायला घेतलं. चटका बसला की बोटं झटकायची आणि पुन्हा मळायची.

आत्या पाटावर बसून बघत होत्या. पहिली भाकरी तव्यावर सगळीच्या सगळी पडली. एका कडेला जराशी चीर होती. फुगली अर्धीच. पण पापुद्रा सुटला.

"जुन्या पिठाला आधण घ्यायचं, हे तुला कोणी शिकवलं?" आत्यांनी विचारलं.

साक्षीने माझ्याकडे बघितलं नाही. "आईनं," ती म्हणाली.

आत्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. सुरेखाचं ताट झाकून ठेवलं होतं, तिच्या वाटणीची आमटी वाटीत काढलेली होती. आत्यांचं त्या झाकलेल्या ताटाकडे लक्ष गेलं. त्यांनी हात धुतला, लोटा ठेवला आणि भावाला म्हणाल्या, "वसंता, मी लेकरं न्यायची ठरवायला आल्ते. पण माझ्या घरी काय जास्ती मिळणार यांना? दूध मिळंल. ते तूबी आणू शकतोस." मग म्हणाल्या, "ही एवढी पोर रोज तव्यापुढं बसणार, आन् तू नुसतं ताट पुढं ओढणार, हे मात्र बिलकुल चालायचं न्हाई. तिला अभ्यास हाय."

वसंता मान खाली घालून म्हणाला, "आमटी करीन मी. शिकवतील गुरुजी."

"आन् दळण?"

"आणीन की. आजबी गेल्तो."

सुरेखा आली तेव्हा आत्या अंगणात बाजेवर बसून सुमितला गोष्ट सांगत होत्या. साक्षीने आईसाठी शेवटची भाकरी गरमच टाकली. ती मात्र टम्म फुगली. सुरेखाने तिचा पहिला घास मोडला आणि लेकीच्या हाताकडे बघितलं. बोटं लाल झाली होती. तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या हाताने जेवली.

रविवारी सकाळी वीज आली. वसंता गिरणीला निघताना कुंपणापाशी थांबला आणि मला विचारलं, "गुरुजी, आठवड्याला किती दळायचं?"

"मला काय विचारतोस? मी एकटा माणूस."

"चार किलो," आतून साक्षी म्हणाली. "जास्ती न्हाई."

तासाभराने तो परत आला. पीठ अजून ऊन होतं. साक्षीने ते पसरून निववलं आणि जुना डबा पुसून त्यात भरलं. झाकण सैल बसत होतं आणि वर्तमानपत्राचा कागद फाटून गेला होता. वसंताने खिसा चाचपला, दाखल्याच्या अर्जाचा घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि डब्याच्या तोंडावर ठेवून वरून झाकण दाबलं. ते घट्ट बसलं.