लाद्यांवरचं सारवण

पोशेऱ्याच्या आमच्या घरात धर्मेंद्रने लाद्या बसवल्या त्या बापाच्या पायांसाठी. धर्मेंद्र माझा मुलगा, जव्हारला ऑफिसात क्लार्क आहे. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सखाला पार्किन्सन झाला. हात थरथरतो, पाऊल आखूड पडतं. शेणामातीच्या जमिनीत ठेच लागून म्हातारा पडेल म्हणून पोराने गुळगुळीत लाद्या घातल्या, उंबराही काढून टाकला. पोराची माया खरी. पण आधी मला विचारायला त्याचं काय जात होतं?

लाद्या आल्या आणि सखा थांबला. खाटेवरून उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मग मी त्याला हाताला धरून दारापर्यंत ओढत न्यायची. आजार वाढला, असं डॉक्टर म्हणाले. असेल. सुरुवातीला मला रडू यायचं, मग तेही येईनासं झालं. भाकरी थापायची, भांडी घासायची, त्याला ओढायचं. सगळं एकसारखंच वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाच्या सणाला, वाघबारशीला धर्मेंद्र घरी आला.

"आये, सण झाला का बाला जव्हारला नेतो. तुझ्याच्यानं आता नाय व्हायचं."

"तिथं काय करील तो?"

"चाकांची खुर्ची घेतलीय. बसून राहील."

सखा खाटेवरून ऐकत होता.

वाघबारशीला घर सारवायचं, ही आमची रीत. लाद्यांवर कुणी शेण लावतं का? पण न सारवलेल्या घरात वाघोबाचा नैवेद्य शिजवायला मन धजेना. शेण कालवलं आणि खाटेपासून दारापर्यंत पट्टा सारवत गेले. हात अर्धगोल फिरवायचा, मागे सरकायचं. बोटांच्या रेघा उमटत जातात. जन्मभर तसंच करत आले.

"आये, लाद्यांची वाट लावलीस!" धर्मेंद्र ओरडला.

वाळल्यावर सखा उठला. पहिल्या रेघेपाशी थांबला, खाली बघितलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. मग पुढची रेघ. मग त्यापुढची. एकेक ओलांडत, कुणाला न धरता, तो अंगणात जाऊन उभा राहिला. लाद्या यायच्या आधी सारवणाच्या रेघा ओलांडत तो असाच चालायचा, हे मला तेव्हा आठवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पायाला मुंग्या आल्यावर काही जाणवतं का, ते आपण चिमटा काढून बघतो, तशी मी नुसती बघत राहिले.

दुपारपर्यंत लाद्यांवरचं शेण सुटलं, त्याचे पापुद्रे निघाले. आत येताना सखा मधेच अडकला. धर्मेंद्र धरायला धावला. सखाने त्याचा हात झटकला.

"गोदे," तो मला म्हणाला, "हात उमटव."

मी शेणाची बादली आणली आणि त्याच्या पायांपुढे बसले.

"रोज करशील हे?" धर्मेंद्रने विचारलं.

"भाकरी रोजच करते ना?"

एवढं बोलले आणि कितीतरी महिन्यांनी मला रडू आलं. तशीच हात फिरवत मागे सरकले. सखाने पाय उचलला.