रद्द झालेला निकाल

मॅडम कायद्याच्या मुलांना लेखन आणि संशोधन शिकवायच्या. अर्ज कसा लिहायचा, आधाराला जुना निकाल कसा शोधायचा आणि तो अजून टिकून आहे का, हे कसं पाहायचं.

त्या सकाळी नव्या तुकडीसाठी जुना नमुना अर्ज छापायला द्यायचा होता. त्यातला भाडेकरूंच्या बाजूचा निकाल त्यांनी सहज शोधून पाहिला. वरच्या कोर्टानं तो दीड वर्षापूर्वीच रद्द केला होता. त्यानंतरही त्यांनी तोच नमुना एका अख्ख्या तुकडीला वाटला होता.

आणि त्याच तुकडीतली शंकासुर! दर तासाला हात वर करायची, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलेलं. आता वकील झालेली. कालच तिचा निरोप आला होता. 'उद्या अकराला माझी पहिली सुनावणी. एका म्हाताऱ्या शिंपिणीला घराबाहेर काढतायत. तुमच्या नमुन्यातलाच निकाल लावलाय.'

तिचा फोन बंद. पुन्हा बंद. घड्याळात सव्वादहा.

मॅडमनी तास सहकाऱ्याच्या गळ्यात मारला आणि टॅक्सी गाठली. प्रत्येक सिग्नलला जीव वरखाली होत होता. पोरीवर कोर्टाची दिशाभूल केल्याचा ठपका आला तर? म्हातारीचं घर गेलं तर?

कोर्टाच्या जिन्यात त्यांना धाप लागली. शंकासुर दाराशीच फाईल छातीशी धरून उभी होती.

"मॅडम! ऐकायला आलात?"

"अगं, तो निकाल रद्द झालाय. चूक माझी आहे."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळं तपासलं हो मी. तेवढा एकच नाही. तुमच्या कागदावर कसली शंका घ्यायची?"

तेवढ्यात पुकारा झाला.

शंकासुर आत जाऊन न्यायाधीशांसमोर उभी राहिली. "मी आधाराला दिलेला निकाल रद्द झालाय. आत्ताच कळलं. तो मुद्दा मी मागे घेते."

समोरचे वकील हातातला कागद खाली ठेवत म्हणाले, "मी हेच दाखवणार होतो."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"स्वतःहून सांगितलंत, बरं केलंत. चार दिवसांत दुरुस्त अर्ज द्या. तोवर बाईंना घराबाहेर काढू नये."

बाहेर शिंपिणीनं विचारलं, "पोरी, जिंकलो का गं?"

"अजून नाही, आजी. चार दिवस मिळालेत."

"मी ग्रंथालयात येते तुझ्याबरोबर," मॅडम म्हणाल्या. पण आधी त्यांनी बाकावर बसून त्या तुकडीतल्या सगळ्यांना निरोप धाडला. 'नमुन्यातला निकाल रद्द झालाय. माझ्या नजरेतून सुटला. कुणी वापरला असेल तर लगेच कळवा.'

एकेक उत्तर यायला लागलं. नाही, मॅडम. नाही वापरला. त्यांचे खांदे जरा सैल पडले.

मग सातवं आलं. 'मी वापरलाय. आज दुपारी तारीख आहे.'

मॅडमनी लगेच त्याचा नंबर फिरवला.