अंकनाथ महाराजांची सातवी ओळ

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्या दिवशी बैलांपेक्षा जास्त गर्दी एका पाटीभोवती होती. पाटीमागे अंकनाथ महाराज. आपल्या जनावराचे कुठलेही दोन आकडे लिहायचे, मग शेवटचे दोन मिळवून पुढचा, अशा दहा ओळी करायच्या. महाराज पाटीकडे ओझरतं बघत आणि कुणी मोबाइल काढायच्या आत दहाही ओळींची बेरीज सांगत.

"अंकाला डोळे असतात, बेटा. तो मला बघतो, मी त्याला बघतो."

मढची साळुबाई आली होती गोऱ्हा विकायला. आईवाचून तो पाऊल टाकत नव्हता, म्हणून कपिला गायही सोबत. ती तीनदा व्यालेली, म्हणून पाटीवर वेतं तीन, वय आठ. महाराज म्हणाले, "आठशे एकोणसत्तर." मोबाइलही तेच म्हणाला.

"घातआकडा आहे. ही गाय दारात राहिली तर घरातलं माणूस जाईल."

घरी लेक बाळंतपणाला आलेली. महाराजांशेजारीच उभा असलेला हौशीराम दलाल निम्म्या भावात ही पीडा न्यायला अगदी तयार होता. साळुबाईनं रडतच दावं त्याच्या हातात दिलं.

"मावशी, जरा थांबा." बोकड बघायला आलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या जहाँआरा मॅडमनी पाटी पुसली. "हौशीरामभाऊ, मुलं किती?"

"दोन."

"आणि इथं सकाळपासून गाई किती घेतल्या?"

"पाच," तो बोलून गेला.

मॅडमनी दोन, पाच, सात, बारा अशा दहा ओळी लिहिल्या आणि साळुबाईच्या कानात काही सांगितलं. सातव्या ओळीत पन्नास होते.

"पाचशे पन्नास," साळुबाई म्हणाली. मोबाइलही तेच म्हणाला. "हौशीरामभाऊ, तुमचा बी घातआकडाच दिसतोय. बायकोला सांगा, मला आजच दारातनं काढ म्हनावं."

बाजार खो खो हसला.

"सातवी ओळ गुणिले अकरा, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "पहिला आकडा सातव्या ओळीत पाच वेळा येतो, दुसरा आठ वेळा. सगळ्या बेरजेत पंचावन्न आणि अठ्ठ्याऐंशी वेळा. म्हणजे बरोब्बर अकरा पट. कुठलेही आकडे घ्या."

"पर बेरीज बरोबर आली, म्हनून माझी गाय वाईट कशी व्हईल?" असं म्हणत साळुबाईनं दावं ओढून घेतलं. तोवर सकाळी घातआकडा ऐकून गाई देऊन बसलेले पाचही मालक हौशीरामाभोवती जमले होते आणि महाराज पाटी सोडून जीपकडे निघाले होते.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर बेरीज जरूर तपासा. ती बरोबर निघाली, तरी आपलं दावं शेवटी कुणाच्या हातात जातंय, तेही बघा.