आखाड्यापर्यंत इंटरनेट

कल्याणरावांचा आखाडा घरापासून तीनशे पावलांवर, शेतात होता. पत्र्याचे दोन गाळे. एकात बैल आणि दोन म्हशी, दुसऱ्यात पेंडीची पोती. घरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं होतं, भुसार दुकानासाठी बाजारभाव बघायला घेतलेलं. ते तार न ओढता आखाड्यापर्यंत न्यायचा त्यांनी घाट घातला होता. साल होतं दोन हजार नऊ, दिवाळीनंतरचं. चकलांबा गावात जो तो विचारी, "काय शेठ, म्हशीला काय दाखवायचंय?" कल्याणराव उत्तर देत नसत. सत्तरीच्या माणसाने प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हटलं तर दिवस पुरत नाही.

खरं उत्तर असं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या लेकीने, शिवांजलीने, पुण्यात जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं. तेव्हा कल्याणरावांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून चार पंचांसमोर सांगितलं, "माझ्या घरात तिचं तोंड दिसणार न्हाई." पंच चहा पिऊन घरी गेले आणि विसरूनही गेले. कल्याणराव मात्र त्या शब्दाला चिकटून बसले, आणि तेही वकिली बारकाईने. त्यांची बायको उमाबाई फोनवर लेकीशी बोलत, त्याला त्यांची हरकत नव्हती. आवाज म्हणजे काही तोंड नव्हे. फोटो मात्र एकही घरात येऊ दिला नाही.

मग काचबिंदूने उमाबाईंचा डावा डोळा गेला. उजव्याचंही औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं: गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. दिवाळीत शिवांजलीला मुलगी झाल्याचा फोन आला. उमाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "नजर हाय तवर एकदा दोघींची तोंडं बघू द्या. आनखी काई मागत न्हाई."

कल्याणरावांनी दोन दिवस आपला दिलेला शब्द उलटसुलट तपासला. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्यांना वाट सापडली. शब्द घराचा दिला होता. आखाडा कुठं घर आहे? तिथं ना देवघर ना उंबरठा. आखाड्यावर कॉम्प्युटर ठेवून लेकीचं तोंड बघितलं तर शब्दही राहतो आणि बायकोचं मनही. आपल्या अकलेवर ते इतके खूश झाले, की न जेवताच जीप धरून गेवराईला गेले.

गेवराईत बसवेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. माणूस गुणाचा, पण त्याचा 'उद्या' आठवड्याने उजाडायचा. पहिल्यांदा त्याने राउटर घराच्या मागच्या खिडकीत ठेवला. रेंज बांधावरच्या चिंचेपर्यंत गेली आणि तिथंच बसली. दुसऱ्या खेपेला त्याने एक अँटेना घराच्या गच्चीवर आणि एक आखाड्याच्या पत्र्यावर अशा समोरासमोर लावल्या. आता सगळं ठीक झालं म्हणावं तर लाइट! गावची वीज आली की शेतीची जाई, शेतीची आली की गावची. घर जागं असे तेव्हा आखाडा मेलेला. दीड महिना या दोन विजांची गाठ पडेना. शेवटी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आखाड्यावर जोडली. तोवर ज्वारीची काढणी उरकली होती, आणि गड्यांनी दरवर्षीच्या जागेवर, म्हणजे दोन्ही अँटेनांच्या बरोबर मधे, कडब्याची उंच गंज रचून ठेवली होती.

"काका, गंज हालवावी लागंल," बसवेश म्हणाला.

"आरं, दोन हजार पेंढ्या हायेत!"

"मंग अँटेनाला उंच खांब आणावा लागंल. पंधरा दिवस धरा."

कल्याणराव बांधावर मटकन बसले. लई झालं, त्यांना वाटलं. काढून टाकावं सगळं आणि गप पडून राहावं. पण उमाबाई आताशा ताट चाचपून जेवत होत्या. भाजी कोणती ते बोट घालून ओळखत आणि कोणी बघितलंय असं वाटलं की हसून घेत. कल्याणराव उठले आणि गड्यांबरोबर स्वतः पेंढ्या वाहू लागले. गंज हलवायला चार दिवस गेले, त्यानंतर पाठ धरली ती वेगळीच.

मार्चमधल्या एका दुपारी पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला. कल्याणरावांनी उमाबाईंना हाताला धरून आणलं, समोर बाजेवर बसवलं. बसवेशने जोडणी लावली, आणि पडद्यावर शिवांजली आली, मांडीवर बाळ घेऊन. आपण बघायचं नाही असं कल्याणरावांनी ठरवलं होतं. पण बघितलं. लेक अंगाने भरली होती, डोळ्याखाली जागरणं होती.

"आई! दिसतेय का मी?"

उमाबाई पडद्यावर नाक टेकेल इतक्या वाकल्या. मान तिरपी करून उजवा डोळा पुढे आणला. मग बोटं काचेवर फिरवली.

"उजेड दिसतोय, बाई," त्या म्हणाल्या. "लई चांगला उजेड दिसतोय."

बसवेश बाहेर गेला. उमाबाईंनी नवऱ्याच्या दिशेला तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर कल्याणरावांना बरं वाटलं असतं.

"दिवाळीत दिसत हुतं मला. आवं, तुमच्या शपथेला आखाडा चालतो, तर पोरीलाच यष्टीत बसवून आखाड्यावर का न्हाई आणलं? सकाळी पुण्याहून निघाली की दिवस मावळायच्या आत हितं."

चार महिने कल्याणरावांनी राउटर, अँटेना, बॅटरी, गंज, सगळ्याचा विचार केला होता. हा एक विचार त्यांना शिवला नव्हता.

"तू कावून बोलली न्हाईस?"

"तुमच्याच ध्यानात यील म्हणून वाट बघितली."

पडद्यावर शिवांजलीने सगळं ऐकलं होतं. बाळ रडत होतं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आप्पा," सहा वर्षांनी तिने त्यांना हाक मारली, "उद्याच निघते मी. आखाड्यावरच येते. घराकडे फिरकत नाही."

नुसतं 'हां' म्हटलं असतं तर शब्द शाबूत राहिला असता. कल्याणराव पोत्यापाशी गुडघे टेकून बसले. शेजारी उमाबाईंची बोटं अजून काचेवर फिरत होती, कपाळ शोधत, गाल शोधत.

"घरी ये," ते म्हणाले. "पोरीला घेऊन ये. तुझी आई हातानं बघंल तुमाला."