भेटीच्या दिवसाची वाहतूक

युजीन तुस्कानोने सोसायटीने आणलेला गाड्यांचा तक्ता स्वतःकडे ओढला, पेन्सिलीचं टोक एकेका आकड्यावरून खाली नेलं आणि बेरजेपाशी पोचल्यावर तो हसू लागला. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात कोणी इतकं मोकळं हसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फायलीतून मान वर काढली.

"हे कुठल्या रविवारी मोजलंत?"

"मागच्या," हर्षवर्धन प्रधान म्हणाले. ते उमेळ्याच्या कमलपुष्प सोसायटीचे अध्यक्ष. नवा घेतलेला मोबाइल त्यांनी टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

"मागच्या रविवारी आमच्या चर्चचा सण होता, साहेब. पाहुणेरावळे, बँडवाले, सगळा गाव त्या रस्त्यावर होता. मीसुद्धा ह्यात आहे. माझी स्कूटर तर तुम्ही दोनदा धरली असणार, कारण आईला आणायला मी परत गेलो होतो."

हर्षवर्धनांच्या शेजारी बसलेल्या रमेश पेडणेकरने खाली बघितलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सोसायटीतली माणसं कोकणातून, देशावरून, लालबाग-परळहून आलेली. नोकरी मुंबईत आणि उमेळ्यात फक्त अंथरूण. गावचा सण कधी असतो हे सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. रविवारी सगळे घरी असतात, एवढ्याच हिशेबाने रविवारी गाड्या मोजल्या होत्या.

"हरकत वाहतुकीची आहे ना? मग नीट मोजा," युजीन म्हणाला. "साध्या दिवशी रस्ता मोजा. आणि हे आधारगृह बांधणाऱ्या ट्रस्टचंच आणखी एक घर होळी गावात आहे. तिथं महिन्यातून एक रविवार भेटीचा असतो. त्या दिवशी किती गाड्या येतात बघा, साधारण तेवढ्याच तुमच्याकडे येतील असं धरता येतं. आमच्याकडे माणसं नाहीत. तुम्ही मोजून ठेवा, मी पाहणीला आलो की पडताळून घेईन."

"पेडणेकर रस्ते खात्यातच आहेत," हर्षवर्धन म्हणाले. "तरुणपणी त्यांनी हेच केलंय. काय हो, कराल ना?"

रमेश 'हो' म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

सोसायटीसमोरच्या केळीच्या वाडीत एक ट्रस्ट आधारगृह बांधणार होता. मनोरुग्णालयातून बरी होऊन बाहेर पडलेली, पण जायला घर नसलेली माणसं तिथे राहणार होती. सोबतीला देखरेखीची दोन-चार माणसं. ही बातमी आली त्या संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात सगळ्यांचे आवाज बारीक झाले. वेडे नकोत, असं शिकल्यासवरल्या माणसांना कागदावर लिहिता येत नाही. मग कुणाला तरी रस्ता आठवला. रस्ता अरुंद आहे, शाळेची मुलं ये-जा करतात, गाड्या वाढतील. "आपल्याला त्या लोकांबद्दल काहीही नाही," हर्षवर्धन दर सभेत म्हणत, "प्रश्न ट्रॅफिकचा आहे." आणि माना डोलत. त्यात रमेशचीही मान असे.

रमेशचा मोठा भाऊ दामोदर अकरा वर्षं ठाण्याच्या हॉस्पिटलात होता.

हे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. दामूदादा गावाला असतो, बागायत बघतो, असं सोसायटीत सांगून ठेवलेलं होतं. खोटं एकदा बोललं की त्याला खतपाणी घालावं लागतं. दर मे महिन्यात रमेश वसईच्या बाजारातून आंब्याची पेटी आणायचा, वरचं लेबल खरवडायचा आणि त्याची बायको आशालता शेजारीपाजारी चार-चार आंबे देताना 'भावोजींनी पाठवलेत' म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दामोदर आता बरा होता. तीन वर्षांपासून डॉक्टर तेच सांगत होते. गोळ्या वेळेवर घेतो, बागेत काम करतो, पेपर वाचतो, घरी न्या. घरी म्हणजे कुठे? दोन खोल्या, त्यात दहावीला बसलेली मुलगी आर्या. एकदा दिवाळीला आणला होता, तर शेजारणी फराळाला आल्या तेव्हा आशालताने त्याला आतल्या खोलीत बसवून दार लोटलं होतं, आणि तो मुकाट्याने बसला होता. त्यानंतर त्याने स्वतःच येणार नाही म्हणून सांगितलं. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या समाजसेविका जागृतीताई फोनवर म्हणाल्या, "उमेळ्याचं आधारगृह झालं की पहिल्या खेपेला त्यांचं नाव आहे. तुम्हाला किती जवळ पडेल बघा."

जवळच पडणार होतं. गॅलरीत उभं राहिलं की समोर ती वाडी. परवानगी अडकली, तर दामूदादा तिथल्या तिथे म्हातारा होणार. परवानगी मिळाली, तर तो एका सकाळी समोरच्या कुंपणापाशी उभा राहून 'रम्याऽ' अशी हाक मारणार आणि अख्खी सोसायटी ऐकणार. यातल्या कुठल्या गोष्टीची आपल्याला जास्त भीती वाटते, हे रमेशला उमजत नव्हतं. लहानपणी पावसाळ्यात हाच भाऊ त्याला पाठुंगळी घेऊन वहाळ ओलांडून शाळेत न्यायचा, आणि पलीकडे पोचल्यावर आधी रमेशचे पाय पुसायचा.

"मग काय लिहिणार?" आशालताने रात्री विचारलं. ती डाळ निवडत होती.

"जे दिसेल ते."

"आणि ते झालंच समोर, तर लोकांना काय सांगायचं?"

रमेश उठून गॅलरीत गेला, तसाच परत आला, पंखा वाढवला, मग कमी केला.

"बसा की एका जागी," ती म्हणाली. "मला काय, बरं वाटतंय का?"

साध्या दिवसांचा रस्ता त्याने रजा टाकून मोजला. तक्ता रिकामा रिकामा दिसत होता. भेटीच्या रविवारी सकाळीच तो स्कूटर घेऊन होळीला गेला. दोन्ही बाजूंना भाजीच्या वाड्या, मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट, आणि वळणावर ते कौलारू घर. फाटक सताड उघडं. रमेश समोर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसला आणि पाटीला कागद लावला.

ओट्यावर बाकं मांडलेली होती. नऊ वाजेस्तोवर त्यांवर माणसं येऊन बसली. पुरुषांचे शर्ट इस्त्रीचे. बायकांनी डोक्यात अबोली माळलेली. एका माणसाने भांग पाडला, मोडला आणि पुन्हा पाडला. कुणी फारसं बोलत नव्हतं. सगळे वाटेकडे बघत होते.

पाववाल्याची सायकल आली. भाजीचा टेम्पो गेला. एक मोटारसायकल थांबली, स्वाराने किल्ल्याकडे जायचा रस्ता विचारला आणि तो निघून गेला. मग वळणावर रिक्षाचा आवाज आला. आवाज मंदावला तशी ओट्यावरची सगळी माणसं एकदम उभी राहिली. रिक्षा फाटकापाशी आली, तिथली रुंद जागा बघून वळली आणि आली तशी परत गेली. माणसं एकेक करून बसली. रमेशने पेन्सिल उचलली, पण ही रिक्षा कुठल्या रकान्यात मांडायची ते त्याला कळेना.

थोड्या वेळाने चहाचा कप घेऊन एक बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. त्या घराची सगळी देखरेख करणाऱ्या उर्सुलाबाई.

"घ्या. पहिल्यांदा येणारे असेच समोर बसतात," त्या म्हणाल्या. "कधीकधी बसून तसेच परत जातात. तुम्ही कुणाचे?"

"मी कुणाचा नाही. गाड्या मोजतोय."

"मोजा," उर्सुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रागलोभ काही दिसला नाही. "पूर्वी आम्ही भेटीच्या दिवशी पाहुण्यांसाठी जास्तीचं जेवण करायचो. वाया जायला लागलं म्हणून सोडलं."

त्या आत गेल्या. तेवढ्यात ओट्यावरची एक म्हातारी उतरून त्याच्याकडे आली आणि कठड्यावर बसली. अंगावर गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. तिचं नाव कमळी, हे तिने न विचारता सांगितलं.

"माजा पोरगा येनार हाय. खाडीपल्याडशी येतो ना, उशीर व्हतो," ती म्हणाली. "तुजं मानूस कोन हाय आत?"

"इथं नाही."

"मंग कुटं?"

"ठाण्याला." रमेशने इकडेतिकडे पाहिलं. वाडीत पाटाचं पाणी चालू होतं, माणूस कुणी नव्हतं. "मोठा भाऊ आहे."

"जातो का बगाया?"

तो दर महिन्याला जायचा, असं सांगता आलं असतं. खरं म्हणजे तो गणपतीनंतर गेला नव्हता, आणि आता फाल्गुन लागला होता.

"जा," कमळी म्हणाली. "आमी कापडं घालून बसतो."

ती दुपारपर्यंत तिथेच बसली. मग आतून जेवणाची हाक आली तेव्हा उठली. "रविवार चुकला आसल त्याचा," ती स्वतःशीच म्हणाली आणि फाटकातून आत गेली. उन्हं उतरेपर्यंत रमेश बसून राहिला. भेटीला आलेल्या वाहनांचा रकाना कोराच होता. तिथे त्याने लिहिलेलं शून्य वाकडं आलं.

रात्री हर्षवर्धनांचा फोन आला.

"शून्य? अहो पेडणेकर, शून्य म्हटल्यावर आपली हरकतच उडाली. पंधरा-वीस तरी दाखवा. एखाद्या महिन्यात येतही असतील."

"बघतो," रमेश म्हणाला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी युजीन पाहणीला आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पुरुष, मागे बायका. आशालता शेवटच्या ओळीत कडेला बसली होती. हर्षवर्धनांनी प्रास्ताविक केलं, त्या लोकांबद्दल आपल्याला काही नाही हे सांगितलं आणि आकडे वाचायला रमेशला उभं केलं.

रमेशने रस्त्याचे आकडे वाचले. मग होळीचे. पाववाल्याची सायकल एक, भाजीचा टेम्पो एक, कर्मचाऱ्यांच्या सायकली दोन.

"आणि भेटायला येणारे?" युजीनने विचारलं.

हर्षवर्धन त्याच्याकडे बघत होते.

"शून्य."

"असं कसं होईल?" पुढच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. "माणसं आहेत म्हणजे नातेवाईक असणारच की."

"आहेत," रमेश म्हणाला. "येत नाहीत."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी घसा साफ केला. मागे एका बाईने मांडीवरच्या पोराला उगाच थोपटलं. एवढं सांगून रमेशला खाली बसता आलं असतं, आणि सांगितलेलं खोटंही ठरलं नसतं. त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"पण इथं शून्य धरून चालणार नाही," तो म्हणाला. "इथं एकजण भेटायला जाणार."

"वाहन कुठलं?" युजीनने पेन्सिल टेकवली.

"वाहन नाही. चालत जाईल."

"कुठून?"

"ह्याच बिल्डिंगमधून. तिसऱ्या मजल्यावरून." त्याने वर आपल्या गॅलरीकडे बोट केलं. "माझा थोरला भाऊ ठाण्याच्या हॉस्पिटलात आहे. तो समोर राहायला येईल."

हर्षवर्धनांनी खिशातला मोबाइल काढला, बघितला आणि परत ठेवला. रमेशला शेवटच्या ओळीकडे बघायचा धीर होत नव्हता. सगळ्यांच्या पाठीमागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक नाही," आशालता उभी राहून म्हणाली. तिचा पदर तिच्याच मुठीत आवळलेला होता. "दोन लिहा. आणि भावोजीही इकडे जेवायला येतील, ते धरा."

युजीनने मान वर केली. त्याने पार्किंगच्या पलीकडे, रस्ता आणि केळीच्या वाडीचं कुंपण यांच्यामधल्या जागेकडे बघितलं.

"म्हणजे पायी जाणं-येणं होणार," तो म्हणाला. "मग ह्या रस्त्यावर गतिरोधक टाकायला हवा." आणि त्याने तसं लिहून घेतलं.